रेवदंड्याच्या कॉफीगृहात घेतलेले नाव

सुज्ञ वाचकहो! एका बलाढ्य कॉफी कंपनीची रेवदंडा येथील शाखा बंद होण्याच्या बेतात असता, तेथे कॉफी करणाऱ्या अंबिका नामक स्त्रीच्या मुखातून निघालेल्या एका नावाने कोणता चमत्कार घडविला, ते मी यथामती निवेदन करीत आहे. तेथील पहारेकरी या नात्याने मी सर्व काही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या गावी कॉफी ही सर्दी झाल्यावर जायफळ घालून पिण्याची वस्तू होय. शनिवार-रविवारचे पर्यटक वगळता आमच्या काचेच्या दारातून केवळ खारा वाराच आत येई. कंपनीने ठिकठिकाणच्या शाखांना टाळे ठोकण्यास आरंभ केला होता. अखेर एका मंगळवारी मुंबईहून मृणाल मॅडम तपासणीस अवतीर्ण झाल्या. शाखा गेली की अंबिकेची नोकरी जाणार. आणि ती तर तिला प्राणाहून प्रिय, कारण आयुष्यात प्रथमच तिच्या छातीवर तिच्या स्वतःच्या नावाची पट्टी लागली होती!

तिचे यजमान हरी रिक्षा चालवितात. पत्नीस साहाय्य व्हावे या उदात्त हेतूने ते त्याच दिवशी गिऱ्हाईक बनून आले, कपावर स्वतःचे नाव लिहवून घेतले आणि ऐटीत बसले. घोटाळा तेथेच झाला. कंपनीचा नियम असा की, कप तयार होताच त्यावरील नाव मोठ्याने पुकारावे. आणि अंबिका तर पतीचे नाव कधीच उच्चारीत नाही.

"अहो, ऐकलंत का? कॉफी झाली," ती पुटपुटली. त्या दिवशी चुकून वाट वाकडी करून आलेल्या दोन पर्यटकांनी वळून पाहिले.

"ताई, नाव घ्या," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर मला अहवालात तसं लिहावं लागेल."

"मॅडम, साऱ्या जगाचं घेते. ह्यांचं न्हाय जमायचं."

हरी छताकडे पाहू लागले. इतक्यात पायरीवर टोपली टेकून बसलेली मासेवाली मनुबाई गरजली, "अगो, लग्नात घेतलंस तसं उखाण्यात घे की! लाजून नोकरी घालवतेस काय?"

अंबिकेने डोळे मिटले, पदर नसतानाही तो सावरला, आणि ती खणखणीत स्वरात म्हणाली:

"रेवदंड्याच्या खाडीत होडीमागं होडी,
हरीरावांच्या कॉफीला माझ्या हाताची गोडी!"

काय वर्णावा तो जल्लोष! पर्यटकांनी शिट्ट्या वाजविल्या. हरीराव लाजून कपाऐवजी साखरदाणी घेऊन चालू लागले. मनुबाई टोपलीसह आत घुसली. "माझा बी कप लाव! वर काळूराम लिही, मी घेते नाव. जिता हाय तवर घेऊन टाकते!"

तिची हाक ऐकून सारी मासळी बाजाराची आळी लोटली. प्रत्येकीस नवऱ्याच्या नावाचा कप हवा. घोट घेताच "कडू गो बाय!" म्हणून किंचाळावे, खिदळावे आणि दुसरीला पुढे ढकलावे!

मॅडम हसून हसून खुर्चीत कोसळल्या होत्या. त्याच अवस्थेत त्यांनी वरिष्ठांना फोन लाविला. "सर, ही शाखा बंद नको. रांग लागलीय इथे! कशाची ते भेटल्यावर सांगते."

मग डोळे पुसत त्यांनी विचारिले, "अंबिकाताई, उद्या किती वाजता येणार?"

"आठाला, मॅडम," अंबिका म्हणाली, आणि पुढचा कप उचलून तिने नाव पुकारले.

हे वेडेवाकुडे लेखन आपण गोड मानून वाचलेत, याबद्दल आपणांस हात जोडून धन्यवाद.

आपला नम्र,
दयाराम अनंता घरत, पहारेकरी