शुद्धप्रत

"एखादं तरी पान असेल ना, पप्पा? चुरगळलेलं, फाटलेलं, चहा सांडलेलं, कसलंही चालेल!"

सम्यकने लोखंडी कपाटाचा सर्वांत खालचा खण पुरता ओढून काढून फरशीवर उपडा केला होता. त्यातून वडील राजाराम यांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पडली, आई राधाबाईंच्या चष्म्याची दोन रिकामी घरे पडली, विजेची जुनी बिले पडली. जे हवे होते ते काही पडले नाही. पलीकडे संगणकासमोर बसलेला सम्यकचा भागीदार सर्वेश खुर्ची वळवून म्हणाला,

"काका, आठवा ना जरा. वहीच्या मागच्या पानावर, पेपरच्या कडेला... काहीतरी गिरगटलं असेल तुम्ही."

"मागच्या पानावर मी लिहीत नाही," राजाराम म्हणाले. "आणि कच्चं मी ठेवत नाही. शुद्धप्रत झाली की फाडून टाकतो. शुद्धप्रत तुमच्याकडे आहे ना? एकशे बारा पानं. मोजून दिलीत."

"तिथेच तर वाट लागलीय!" सम्यकने कपाळावर हात मारला. "एकशे बारा पानांत एक खाडाखोड नाही, पप्पा. एक काना पुसलेला नाही. कंपनीची ती बाई म्हणते, असं तर कुणीही मशीनवरचं बघून उतरवून काढेल."

घाटकोपरच्या पंतनगरातल्या त्या दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या घरात, बाहेरच्या खोलीत, सम्यक आणि सर्वेश चार वर्षे एक व्हिडिओ गेम घडवीत होते. 'कोरडं धरण' हे त्याचे नाव. एक लहान मुलगी ओसाड धरणाच्या भिंतीवरून, तुटक्या पुलांवरून, गंजलेल्या दरवाजांवरून उड्या मारीत पाणी शोधायला निघते. वाटेत तिला प्रहरी भेटतो. प्रहरी म्हणजे धरणावर नेमलेली कृत्रिम बुद्धी. माणसे गाव सोडून गेली, पाणी आटले, तरी ऐंशी वर्षे तो एकट्याने नोंदी ठेवीत राहिला आहे. त्याची समजूत पटवल्यावाचून पुढचा दरवाजा उघडत नाही. म्हणजे सारा खेळ त्याच्या बोलण्यावर तोललेला.

प्रहरीचे पहिले संवाद सम्यकने लिहिले, तेव्हा आतल्या खोलीत डाळ निवडणारे राजाराम उंबऱ्यात येऊन उभे राहिले होते. "ऐंशी वर्षं एकट्यानं नोंदी ठेवणारा असा रिक्षावाल्यासारखा बोलेल का रे?" एवढेच त्यांनी विचारले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलापुढे एक पान ठेवले. त्यावर निळ्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरांत लिहिले होते : *आपण उडी मारण्यापूर्वी खोली विचारली नाहीत. ती माझ्याकडे नोंदलेली होती.* आणि त्याखाली : *मला थकवा येत नाही. तथापि कोणी 'बसा' म्हटले तर बरे वाटेल, असा माझा अंदाज आहे.*

सम्यकने ते दोनदा वाचले आणि म्हणाला, "झकास! पप्पा, पुढचं पण तुम्हीच लिहा."

पुढचे दहा महिने राजाराम लिहीत होते. खेळाच्या अखेरीस नावांची जी पाटी सरकत जाते, तीत 'संवादलेखन : राजाराम खंडारे' ही ओळ सम्यकने बसवली, त्या दिवशी 'शुद्धलेखन तपासतो' या सबबीखाली राजारामांनी ती तीन वेळा चालवून पाहिली. राधाबाईंनी मेहकरला बहिणीला फोन करून सांगितले, "आमच्या यायचं नाव येऊन राह्यलं टीव्हीवर." टीव्हीवर नव्हे हे त्यांना ठाऊक होते; पण बहिणीला एवढे पुरे होते.

त्या ओळीचे मोल समजायचे तर मागे जावे लागेल. राजारामांनी चौतीस वर्षे एका सरकारी कचेरीच्या पत्रव्यवहार शाखेत काढली. त्यांनी घडवलेली वाक्ये मंत्रालयापर्यंत गेली, तालुक्यांपर्यंत उतरली, कैकांच्या नेमणुका आणि कैकांचे निलंबन त्या वाक्यांनी झाले. परंतु प्रत्येक वाक्याखाली सही दुसऱ्याची असे. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती; कचेरीची रीतच ती. त्यांच्या मनात रुतले होते ते निराळेच. नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्यांचा एक मसुदा तीन ठिकाणी खोडलेल्या अवस्थेत शाखाप्रमुखापुढे गेला. शाखाप्रमुखाने तो कागद दोन बोटांत धरून सगळ्या शाखेला दाखवला आणि म्हटले, "बघा, हे कोट्यातलं मराठी." शाखा हसली. ज्यांच्या स्वतःच्या मसुद्यांत दहा-दहा ठिकाणी खाडाखोड असे, तेही हसले. दुसऱ्याची खाडाखोड ही घाई ठरे आणि राजारामांची खाडाखोड ही जात ठरे, हे त्या चोविशीतल्या कारकुनाला एका क्षणात कळले. तेव्हापासून त्यांची खाडाखोड कोणी पाहिली नाही. कच्चे लिहावे ते एकट्याने, दार लोटून. मनाजोगते उतरले की स्वच्छ कागदावर घ्यावे आणि कच्चा कागद चार तुकडे करून टाकावा. निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नाही. सुटावी असे त्यांना कधी वाटलेही नाही.

आणि आता खेळाचा नमुना लोकांपुढे गेल्यावर खेळणाऱ्यांनी लिहिले : प्रहरीचे संवाद एआयने लिहिलेले दिसतात. इतके नेटके माणूस लिहीत नाही. कोणी ते तपासणीच्या एका यंत्रात घातले; यंत्राने शंभरात एक्क्याण्णव गुण मशीनला दिले. खेळ प्रसिद्ध करणाऱ्या परदेशी कंपनीचा नियम कडक होता : मशीनने लिहिलेला मजकूर चालणार नाही, शंका आली तर कच्चे खर्डे दाखवा. चूक हीच माणसाच्या हाताची खूण असे ज्या काळाने ठरवले, त्या काळाने एका गोष्टीचा विचार केला नव्हता : काही माणसांना चुकण्याची मुभा कधी मिळालीच नव्हती.

चार वाजता कंपनीची इथली प्रतिनिधी रुचिरा पडद्यावर आली. तिच्या शेजारच्या चौकटींत आणखी दोन अनोळखी चेहरे होते. सर्वेशने मोबाइल एका दांडीला असा बांधला होता की टेबलावरचा कोरा कागद आणि राजारामांचा हात तेवढा दिसावा.

"सर, तुम्हाला त्रास द्यायचा नाहीये," रुचिरा अदबीने म्हणाली. "एक छोटा प्रसंग देते. मुलगी प्रहरीला विचारते, 'तुला भीती वाटते का?' प्रहरी काय म्हणेल? नेहमी लिहिता तसं लिहा. खोडत, बदलत, आरामात. आम्ही फक्त बघतोय."

राजारामांनी पेनचे टोपण काढले. 'भीती' हा शब्द लिहिला. लिहिताक्षणीच त्यांना कळले की वाक्याची सुरुवात या शब्दाने होता कामा नये. एकटे असते तर त्यांनी तो खोडला असता, शेजारी दुसरा मांडला असता, तोही खोडला असता. सात वेळा, नऊ वेळा, पान काळे होईपर्यंत. प्रहरीची ती संथ, निर्लेप वाक्ये अशाच काळ्या पानांतून वर आली होती. त्यांनी पेन शब्दापाशी नेले. वर मोबाइलचा काळा डोळा होता. पेन कागदाला टेकले नाही.

मिनिट गेले. दुसरे गेले.

"पप्पा, खोडा ना," सम्यक दबल्या आवाजात म्हणाला. "चुकू दे. चुकलेलंच पाहिजे त्यांना."

"मला पाच मिनिटं आत बसू द्या," राजाराम कागदाकडे पाहतच म्हणाले. "लिहून आणतो."

"सर, आत बसून काय कराल ते आम्हाला कसं कळणार?"

स्वयंपाकघराच्या दारातून राधाबाई हात पुसत पुढे आल्या आणि थेट पडद्यासमोर वाकल्या. "मी सांगतो ना तुम्हाले, बाई! रोज सकाळी मीच झाडत होती ते कागदं. एकेकाचे चार-चार तुकडे. काहून खोटं बोलू मी?"

"काकू, मला पटतंय हो," रुचिरा म्हणाली, आणि तिला खरोखरच पटले होते हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. "पण रिपोर्टमध्ये मला 'पटतंय' असं नाही लिहिता येत."

अकराव्या मिनिटाला राजारामांनी पेनला टोपण लावले. कागदावर एकच शब्द होता, आणि तो सुवाच्य होता.

पडदा मिटला. मग सम्यकचा तोल सुटला.

"एक शब्द खोडला असता ना तुम्ही, पप्पा! एकच! चार वर्षं घातली आम्ही यात. एक रेघ मारायला काय जात होतं तुमचं?"

"सम्या, गप ना यार," सर्वेश म्हणाला.

"काय गप? सांगू दे ना त्यांना!"

राजारामांनी मुलाकडे पाहिले. बत्तीस वर्षांचा हा मुलगा खोडरबराचा कीस टेबलभर उधळीत वाढला होता. वर्गात चुकीचे उत्तर बेधडक देऊन हसत घरी येई. त्याला तसे वाढवता यावे यासाठीच तर सारा खटाटोप केला होता. शाखाप्रमुखाची गोष्ट राजारामांनी त्याला कधी सांगितली नव्हती. आता सांगितली असती तर ती सबब ठरली असती.

"पुढे काय करायचं ते सांग," ते म्हणाले.

पुढचे सर्वेशने सांगितले. प्रहरीचा सगळा मजकूर बदलायचा. नवा मजकूर तो स्वतः संगणकावर लिहील. तिथे प्रत्येक खोडलेल्या अक्षराची नोंद आपोआप राहते. पंधरा दिवसांत होईल. मात्र जुना मजकूर मागे घेतो असे कंपनीला आजच लेखी द्यावे लागेल. आणि... सर्वेश थांबला.

"आणि नाव काढायचं," राजाराम म्हणाले. "काढ."

"काका, तसं नाही..."

"तसंच आहे. अर्धवट काही ठेवू नका, नाहीतर पुन्हा विचारतील. पत्र तुम्हाला येईल का लिहायला?"

त्या दोघांना पत्र लिहायला येत नव्हते, आणि ते तिघांनाही ठाऊक होते.

राजाराम आतल्या खोलीत गेले आणि दार लोटले. वीस मिनिटे आतून काही ऐकू आले नाही. मग कागद फाडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. सम्यकने मान वर केली, उठून दारापर्यंत गेला, कडीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. आता तो तुकडा मिळवून काय करायचे होते?

राजाराम बाहेर आले ते शुद्धप्रत घेऊन. *सदर संवादांच्या लेखकत्वाविषयी खात्री देता येत नसल्याने ते मागे घेण्यात येत आहेत. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.* शब्द नेमके होते. कोणी लिहिले, कोणी मागे घेतले, कोणाची खात्री कोणाला देता येत नव्हती, यांतले काहीही त्या वाक्यांत कुठून आत येऊ शकत नव्हते.

"इथं सही कर," त्यांनी मुलाला जागा दाखवली.

सम्यकने सही केली. ती करताना त्याचे पेन एकदा अडखळले आणि आडनावावर शाईचा ठिपका पडला. राजारामांनी तो पाहिला. दुसरा कागद आणला नाही.

दोन महिन्यांनी खेळ प्रसिद्ध झाला. अंधेरीला मरोळमध्ये एका लहान सभागृहात सर्वेशने आणि सम्यकने मित्रांना, खेळ घडवणाऱ्या-खेळणाऱ्यांना बोलावले होते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मुलगी उडी चुकून खाली पडली आणि प्रहरी सर्वेशच्या आजोबांच्या मालवणीत खेकसला, "काय गो, पडलंस मां? सांगितलंलंय तुका!" सभागृह खदखदून हसले. वाक्य चांगलेच होते, राजारामही हसले. राधाबाई आल्या नव्हत्या. गुडघा दुखतो म्हणाल्या होत्या.

राजारामांनी स्वतःकडे काम घेतले होते. समोसे आणि चटणीच्या बशा भरून ते एकेकापुढे नेत होते. खिडकीपाशी एक मुलगी एकटीच पडद्याकडे पाहत उभी होती. गळ्यातल्या पट्टीवर तिचे नाव होते, श्रुतिका.

"घ्या," राजाराम म्हणाले. "आवडला खेळ?"

"मस्त आहे ना. पण खरं सांगू काका? नमुना आला होता तेव्हाचा प्रहरी मला जास्त आवडायचा." ती थोडी ओशाळली. "एआयने लिहिलेला होता म्हणे, म्हणून काढला. पण एक वाक्य डोक्यातून जातच नाही. दुसऱ्या पुलावर तो म्हणायचा ना, 'आपण परत याल, असे मी नोंदले आहे...' पुढे काय होतं यार ते? खूप शोधलं, कुठे मिळेना."

पडद्यावर पुन्हा कोणी पडले. पुन्हा हशा पिकला. तो ओसरेपर्यंत राजाराम थांबले.

"'आला नाहीत, तर ती चूक माझ्या नोंदीत राहील; आपल्या नाही.'"

"हां! तेच!" श्रुतिकाने डोळे मिटून ते मनाशी पुन्हा म्हटले. "कसलं भारी आहे ना? मला कळत नाही, मशीनला कसं सुचत असेल असं?"

तिच्या प्रश्नात थट्टा नव्हती. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

"चटणी तिखट आहे," राजाराम म्हणाले. "बेतानं घ्या."

आणि बशी तिच्या हातात देऊन ते पुढच्या पाहुण्याकडे वळले.