कठड्यातली गाठ

“उजवा हात ठेवा काका, डावा नको,” व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली.

मिस्त्रींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात असून नसल्यासारखा होता. उचलला तर उचलला जाई, पण काही लागलेलं त्याला कळत नसे. सुताराचा हात मुका राहिला तर सुतार म्हणून उरतं काय, हा प्रश्न त्यांना रात्रंदिवस छळत होता, आणि बायकोसमोर तो काढायची सोय नव्हती.

शेवटी मुलीनेच तो हात उचलून भिंतीलगतच्या लाकडी कठड्यावर ठेवला. हा कठडा मिस्त्रींनीच केलेला. या उपचार केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा नकाशावाल्या बाईंशी याच्यापायी त्यांची चांगलीच जुंपली होती. बाईंचं सगळंच जगावेगळं. मध्ये आलेलं झाड तोडायचं नाही, इमारतीनेच त्याला वळसा घालायचा. खिडक्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. आणि व्हरांड्याच्या वळणावर कठड्यातली गाठ तशीच ठेवायची, रंधा मारायचा नाही.

“बाई, लोक म्हणतील मिस्त्रीला काम येत नाही.”

“म्हणू देत. गुळगुळीत लाकडावरून आजारी हात नुसता घसरत जातो. त्याला कुठेतरी अडायला हवं.”

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला होता आणि गाठ ठेवली होती.

आता ते एकेक पाऊल टाकत निघाले. मागून बायको चाकांची खुर्ची ढकलत होती. व्हरांडा वळला आणि मिस्त्री जागीच थबकले. छपराला मधोमध मोठं गोल भोक ठेवलं होतं आणि त्यातून ते झाड सरळ आभाळात गेलं होतं. पानांतून गळलेलं ऊन फरशीवर, भिंतींवर, बायकोच्या पांढऱ्या केसांवर हलत होतं. त्या बुटक्या खिडक्यांतून पेशंट पडल्यापडल्या ते बघत होते. इथे आपण महिनोन्महिने राबलो आणि एकदाही मान वर करून पाहिलं नाही. बाईंना हे सगळं कोऱ्या कागदावर दिसलं तरी कसं? मिस्त्रींना अगदी भरून आलं.

काम संपलं की डोळे मिटून लाकडावरून तळवा फिरवायची त्यांची जुनी खोड होती. नकळत डोळे मिटले गेले.

“चक्कर येतेय का हो?” बायको घाबरली.

त्यांचा उजवा हात सरकत होता. बराच वेळ काहीच नव्हतं. मग अंगठ्याखाली काहीतरी अडलं.

“अगं, इथे गाठ राहिलीय.”

“कुठे?”

“ही काय. बोटाला लागतेय. माझा रंधा घेऊन ये उद्या.”

बायकोने खुर्चीची मूठ घट्ट धरली. सारखी डोळ्यांसमोर नको म्हणून हत्यारांची पेटी तिने गेल्याच आठवड्यात, त्यांना न सांगता, पुतण्याला देऊन टाकली होती.

“आणते,” ती म्हणाली. संध्याकाळी परत मागायला जावं लागणार होतं.