डब्याची झोप

माझा नवरा लग्नांचे फोटो काढायचा. आमच्या अर्ध्या हारो गावाची लग्नं त्याच्या त्या काळ्या डब्यात साठवलेली आहेत, आणि आमच्या घरातले फोटोही. डबा वायफायला जोडलेला असतो, कुठूनही फोनवर त्यातले फोटो उघडता येतात, आतली डिस्क फिरत असते. नवरा गेला तरी ती रात्रंदिवस घरघरत राहिली.

माझा भाचा रोदेल कॉम्प्युटरवाला; मला तिया, म्हणजे मावशी, म्हणतो. विजेचं बिल बघून म्हणाला, "तिया, कुणी बघत नसताना हे कशाला फिरवत ठेवायचं? वीज जाते ती जाते, डिस्कही झिजते. थोडा वेळ कुणी फोटो उघडले नाहीत की झोपेल, अशी सोय करतो."

"कर बाबा. या घरात कुणाला तरी झोप लागू दे."

डबा गप्प झाला आणि घर खायला उठलं. मग एका दुपारी मी भोपळा चिरत होते, तर डब्यात टक झालं आणि घरघर सुरू झाली. घरात मी एकटी. जरा वेळाने तो झोपला, आणि पुन्हा टक.

रोदेलला बोलावलं. त्याने फोनवर काहीतरी बघितलं आणि म्हणाला, "ग्लोरिबेल आहे. तिकडून फोटो उघडतेय."

ग्लोरिबेल माझी मुलगी. हाँगकाँगला एका घरी बाळ सांभाळते. रविवारी आपल्या नानायला, म्हणजे आईला, फोन करते. फोटोंचा विषय काढला की फटकारते, "वेळ कुठाय, नानाय? रडत बसले तर इथलं काम कोण करणार?" मला ते खरं वाटायचं आणि रागही यायचा. कार्टीला बापाची आठवणसुद्धा येत नाही, असं मी शेजारणीजवळ बोलूनही दाखवलं होतं.

त्या दिवसापासून मी दुपारचा पंखा बंद ठेवायला लागले. पंख्याच्या आवाजात टक ऐकू येत नाही. घाम गळायचा, पण मी हलायचे नाही. टक झालं की कळायचं, तिकडचं बाळ झोपलं. मग मी डब्यालाच विचारायचे, "जेवलीस का गं?" पोरीची इतकी आठवण मला तिला विमानात बसवतानाही आली नव्हती.

रविवारी तिला सहज विचारलं, "दुपारी काय करतेस?"

"झोपते."

"बरं," मी म्हटलं.

पुढे रोदेल डबा तपासायला आला आणि त्याचा चेहरा उतरला. "तिया, या डिस्कची नुसती उठबस चाललीय. सारखं थांबून पुन्हा सुरू होण्यातच जुनी डिस्क जास्त झिजते. अशाने फार टिकायची नाही. बाहेरून उघडणं बंद करतो. फोटोंची कॉपी काढून तुझ्या कपाटात ठेवतो."

"कपाटातलं तिला तिकडून दिसेल?"

"नाही."

"मग ते कपाट घाल तुझ्या डोक्यात."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "नाहीतर डबा दुपारभर जागाच ठेवू. एकदा उठेल, एकदा झोपेल. डिस्क टिकेल, ती उठायची वाट न बघता फोटो उघडतील, वीजही फार जाणार नाही. फक्त..."

"फक्त काय?"

"ती कधी आली, कधी गेली, तुला कळणार नाही."

म्हणजे बंद पंखा त्याच्या लक्षात आला होता. मी धुतलेलंच पातेलं पुन्हा धुवायला घेतलं. डिस्क गेली असती, तर पोरीने दुपारी काय उघडलं असतं?

"जागा ठेव," मी म्हटलं.

आता दुपारी डबा आपला आपणच उठतो आणि तिन्हीसांजेला झोपतो. ती येवो न येवो, घरघर तीच. मी पंखा लावते, पण झोप येत नाही. ती फोटो बघायची थांबली असली, तरी मला कळणार नाही.

परवाच्या रविवारी तिचा फोन आला. पाऊस, बाळाचे दात, मालकिणीची कटकट, सगळं झालं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "नानाय, रोदेलने काही केलं का गं? हल्ली फोटो पटकन उघडतात."

आणि एकदम गप्प झाली. पलीकडे ती नाक ओढत होती.

"जेवलीस का गं?" मी विचारलं.