हा निबंध तुझा नाही

प्रेमलाबाई जुन्या जालन्यातल्या एका शाळेत नववीला मराठी शिकवायच्या. यंदापासून निबंध मोबाईलवरच घ्यायचे ठरले होते. मुलांनी ॲपवर पाठवायचे, बाईंनी तिथेच तपासून परत करायचे.

नेहलचा निबंध वाचताना त्या थबकल्या. नेहल म्हणजे कापडवाल्या मदनलालजींची नात. घरात मारवाडी बोलणारी, वहीत ओळीओळीला चुका करणारी. आणि इथे दुकानातल्या दुपारचं इतकं जिवंत वर्णन, एक वेलांटी चुकलेली नाही! बाईंना राग आला. त्यांनी शेरा लिहिला, 'हा निबंध तुझा नाही. कोणाकडून लिहून घेतलास?'

तो फक्त नेहलला जायला हवा होता. गेला सगळ्या वर्गाला. लक्षात येताच त्यांनी तो पुसला, पण तोवर मुलांनी वाचला होता.

दुसऱ्या दिवशी नेहल मान वर करेना. मागून कोणीतरी "काय लेखिकाबाई!" म्हणालं आणि वर्ग हसला. मधल्या सुट्टीत बाईंनी तिला बाजूला घेतलं.

"खरं सांग, कोणी लिहून दिलं?"

"कुणीच न्हाई, मॅडम. मी बोलत गेले, मोबाईल लिहीत गेला. हातानं लिहिलं की माझं शुद्धलेखन चुकतं."

बाईंना खरं वाटेना. नेहलने त्यांचाच मोबाईल मागून घेतला, माईकचं चिन्ह दाबलं आणि बोलू लागली. "दुपारी गिऱ्हाईक नसलं की आजोबा कापडाच्या ताग्यावर डोकं टेकून झोपतात. मग दुकानात पंखाच तेवढा बोलतो..."

पडद्यावर अक्षरं उमटत होती. मध्येच ती थांबली.

"बस, मॅडम?"

बाईंना तिच्याकडे बघवेना. शेरा सगळ्यांना गेला तो चुकून. पण मारवाडी घरातल्या पोरीला असं मराठी येणारच नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं, ते काही चुकून झालेलं नव्हतं.

सुट्टी संपल्यावर त्यांनी वर्गात सांगितलं, "निबंध नेहलचाच आहे. मी चुकले." ॲपवरही तेच लिहिलं. नेहल खाली बघतच म्हणाली, "ठीक आहे, मॅडम."

पुढच्या आठवड्यात तिचा नवा निबंध आला, 'माझा आवडता सण'. सगळा गाईडातून उतरवलेला. त्यातलं वाक्यन् वाक्य बाईंच्या ओळखीचं होतं. पण आता तिला काही विचारायला त्यांना तोंड राहिलं नव्हतं. त्यांनी गुण भरले, शेऱ्याची जागा रिकामी सोडली आणि निबंध परत पाठवला.