समोरच्या दुकानातला कागद

बायको गेली त्याला आठ महिने झाले. आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. हत्यारं माझ्याकडे आणि इंटरनेटवरचं दुकानाचं पान तिच्याकडे, अशी वाटणी होती. ती असताना कोणी मोबाइलवर ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ शोधलं की आमचं नाव पहिलं यायचं. आता पहिला येतो समोरचा. रस्ता ओलांडला की त्याचं दुकान. त्याच्या बाकावर गिऱ्हाइकं दाटीवाटीने बसलेली दिसली की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला सांगू, मी त्यांची डोकी मोजायचो. दुपारी त्याची बायको डबा घेऊन यायची, तेव्हा तर मी शटर अर्धं खाली ओढायचो.

मग पान मीच लिहायला घेतलं. लोक जो शब्द शोधतात तो पानावर हवा, असं कुठेतरी ऐकलं होतं. म्हटलं, हवा ना, मग घे. तिचं लिखाण पुसलं आणि ओळीओळीत ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ घातलं. महिन्याभरात आमचं नाव तिसऱ्यावरून कुठल्या कुठे खाली गेलं. फोन मुका झाला.

भाची अशी पानं लिहायचंच काम करते. तिला बोलावलं. ती मोठ्याने वाचायला लागली, “आमच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात शिलाई मशीन दुरुस्ती करणारे शिलाई मशीन दुरुस्तीचं...” आणि हसत सुटली. “मामा, पाढे पाठ करताय का?”

“शब्द हवा ना?”

“हवा. मथळ्यात, पहिल्या एक-दोन ओळींत आणि बोलता बोलता येईल तिथे. बाकी माणूस काय विचारायला आलाय, त्याचं उत्तर द्यायचं. असं कोंबलं की वाचणाराही पळतो आणि गूगलही. मामीचं बरोबर होतं. तेच परत टाकू.”

“पुसलं मी.”

“दुसरीकडे कुठे असेल की.”

कुठेच नव्हतं. बायको थेट त्या पानावरच लिहायची. मला एकच ओळ आठवत होती, तीही भांडण झालं म्हणून. ‘मशीन धागा खाते? आधी सुई बदलून बघा.’ मी म्हणालो होतो, “सुई बदलून भागलं तर इथे कोण येणार?”

“ज्याचं भागणार नाही तो,” ती म्हणाली होती. “फोनवर बाया ‘धागा खाते’ म्हणतात. तुमच्या पार्टांची नावं कोण शोधतंय?”

भाचीने नमुना म्हणून समोरच्याचं पान उघडलं. दुसरीच ओळ होती, ‘मशीन धागा खात असेल तर आधी सुई तपासा.’

मी तसाच रस्ता ओलांडला.

“माझ्या बायकोचं लिखाण चोरलंत तुम्ही.”

समोरच्याने खण उघडून एक छापील कागद काढला. तिचं पान होतं. त्यावर लाल पेनाच्या खुणा.

“चोरलं नाही, शिकलो म्हणा,” तो म्हणाला. “दुकान टाकलं तेव्हा तुमच्यावर नुसता जळत होतो. माझ्या पानावर तो शब्द सोळा वेळा, आणि मी तळाला. वहिनींनी चारच वेळा लिहिलेला, आणि तुम्ही पहिले. हा कागद पुढ्यात घेऊन मोजत बसायचो. बाकी सगळं बघावं तर नुसती गिऱ्हाइकांची बोलणी.”

“हा मला हवाय.”

“न्या. एक झेरॉक्स तेवढी आणून द्या.”

दुकानात येऊन तो कागद मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. तळाशी लिहिलं होतं, ‘दुकानदार बोलायला तुसडे वाटतील. मनावर घेऊ नका. तुमची मशीन ते स्वतःची असल्यासारखी जपतात.’

मला हे ठाऊकच नव्हतं. समोरचा मात्र वर्षभर वाचत होता. त्याच्या बाकाचा किंवा डब्याचाही वाटला नव्हता इतका हेवा मला त्या क्षणी त्याचा वाटला.

भाचीने सगळं परत टाइप केलं.

“शेवटचं नको घालू,” मी म्हणालो. “ते माझं आहे.”

“मामा, मामीने ते गिऱ्हाइकांना सांगितलंय.”

खरं होतं. घाल म्हणालो.

मग झेरॉक्स काढायला गेलो. काचेवर ठेवण्याआधी कागद खालून दुमडला, बरोबर त्या शेवटच्या मजकुराच्या वर. इंटरनेटवर तो वाचेलच. वाचू दे. त्याच्या खणात मात्र ते आता असणार नाही.