मावशीचा पुठ्ठा

ठमी झोपली की माझे हात मोकळे होतात, आणि ती कधी उठेल याचा नेम नाही म्हणून ते धावतच सुटतात. त्या दुपारीही तसंच. तिला स्टुडिओतल्या टेबलाखाली दुपट्यावर निजवलं आणि सकाळी येताना उचललेल्या पुठ्ठ्यावर शाईचा रोलर फिरवला. भांड्यांच्या बंद पडलेल्या दुकानाच्या पायऱ्यांमागे तो भिंतीला टेकून उभा होता. फ्रीजच्या खोक्याचा, चांगला जाड. छापकाम करणाऱ्यांना असा पुठ्ठा दिसला की हात शिवशिवतात. सासूबाई म्हणतात, "लोकांच्या सुना सोनं बघून थांबतात, आमची कचरा बघून."

कागद ठेवला, प्रेसचं चाक फिरवलं, कागद उचलला आणि तशीच उभी राहिले. पुठ्ठा जिथं दबला होता तिथं शाई पोचलीच नव्हती. तिथं कागद पांढरा. खांदा. कंबर. दुमडलेले गुडघे. आणि त्या कुशीत आणखी एक लहानसा पांढरा खळगा. आमच्या गादीवर रोज सकाळी हाच आकार असतो: मी, आणि माझ्या पोटाशी ठमी.

स्टुडिओ चालवणारे सर मागे येऊन थांबले. उद्यापासून प्रदर्शन, विषय बेघर माणसं, आणि माझी भिंत अजून रिकामी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"माय-लेकरू," ते म्हणाले. "नाव ठरलं. लोक रडतील बघ."

मी मात्र पुठ्ठ्याकडे वळले. कचरा कसला, कोणाचं तरी अंथरूण उचलून आणलं होतं मी. ते लेकरू आज निजणार कशावर? परत नेऊन द्यावा तर पुठ्ठा काळाकुट्ट, चिकट. ही शाई लवकर वाळत नाही. ठमीला अर्धवट झोपेतच उचललं आणि निघाले.

पायऱ्यांमागे एक बाई वाकून बघत होती. केस पिकलेले, अंगात पुरुषी कोट, काखेत बोचकं.

"मावशी, काही शोधताय?"

"माझा पुठ्ठा. कोण मेला घेऊन गेला, त्याच्या घरात उंदीर होवोत!"

"मीच नेला."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "का? तुला घर नाही?"

"आहे. मी चित्रं छापते. तुमच्या पुठ्ठ्याचा छाप घेतला. मला वाटलं, कोणी टाकलाय."

"टाकलेला पुठ्ठा असा उभा राहतो का गं?"

"चुकलंच माझं. पण तुमचं बाळ कुठंय?"

"कोणाचं बाळ?"

"तुमच्या कुशीत निजतं ते. छापात दिसलं."

ती इतक्या मोठ्यानं हसली की ठमी दचकून जागी झाली. "या वयात बाळ? अगं, हे बोचकं ते! पोटाशी धरून निजते, नाहीतर सकाळी सापडतंय कुठलं." मग हसू आवरून म्हणाली, "ते राहू दे. मी आज निजू कशावर? नुसती फरशी हाडं खाते."

उन्हं कलली होती. दुकानं बंद व्हायच्या आत खोकं गाठायला हवं. मी झपाझप पुढं, ठमी खांद्यावर किरकिरतेय, मागून मावशी. फ्रीजच्या दुकानाशी मात्र तीच आधी पायरी चढली.

"ए, चल, पुढं हो!" दुकानदार खेकसला. मग मी दिसले. "या ताई. काय हवंय?"

"रिकामं खोकं. मोठं."

ठमीनं त्याच्या खिशातलं पेन ओढलं आणि गडी विरघळलाच. "खेळायला घर करणार वाटतं? आमचीही दिवसभर खोक्यातच असते."

मी तोंड उघडणार तोच मावशीनं मागून चिमटा काढला.

"हो," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर तिनं खोकं डोक्यावर घेतलं. "बघितलंस? बाळ म्हटलं की खोकं निघतं. तुझ्या चित्रातही बाळच राहू दे. लोक थांबतील."

"आणि तुमच्यासाठी?"

"माझ्यासाठी झाडू काढतात."

तिचं अंथरूण घालून होईपर्यंत थांबले, मग स्टुडिओत परतले. छापाखाली पेन्सिलनं नाव लिहायची रीत असते. सर शेजारी उभे. ठमी टेबलाचा पाय चाटत होती, तिला एका हातानं ओढत मी लिहिलं: 'मावशी, बोचकं पोटाशी धरून'.

"बोचक्यासाठी कोण रडतं गं?" सर म्हणाले.

"नाही रडले तर नाही."

म्हणाले खरी, पण दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात माझा पाय एका जागी ठरेना. एक बाई चित्रासमोर थांबल्या, रुमाल काढला. "हे इथं बाळ ना?"

"नाही. बोचकं."

त्यांनी वाकून नाव वाचलं, रुमाल पर्समध्ये ठेवला आणि पुढच्या चित्राकडे वळल्या. सर लांबून बघत होते.

मग सायकलचं हेल्मेट काखोटीला मारलेली एक मुलगी आली. बराच वेळ हलेचना. मला वाटलं, हीही आता बाळच विचारणार.

"बोचक्यात काय आहे त्यांच्या?"

काल ते बोचकं घेऊन मावशी माझ्या मागं मागं फिरली होती. मी बाळाची चौकशी केली, खोक्याची केली.

"माहीत नाही," मी म्हणाले. ठमीला कडेवर घेतलं. "विचारून येते."