तेरावा विद्यार्थी

भौतिकशास्त्राला आम्ही बाराच जण होतो आणि तीच माझी पंचाईत होती. आमच्या शाळांत शंभरातल्या पहिल्या चौघांनाच पहिली श्रेणी मिळते. हिशेब असा बसतो की बारा जणांचे चार टक्के अर्ध्याहून कमी भरतात, म्हणून ती कुणालाच मिळत नाही. तेरा झाले की आकडा अर्ध्याच्या वर जातो, तो पूर्ण एक धरतात आणि एकाला मिळते. मला डॉक्टर व्हायचं होतं, त्यामुळे ती एक श्रेणी मला हवीच होती.

म्हणून मी वर्गातल्या गिताकला गाठलं. हा प्राणी प्रत्येक तासाला बाकावर डोकं ठेवून झोपायचा.

"भौतिकशास्त्राला नुसतं नाव घाल. शेवटचा ये, एवढंच."

"त्यात माझा हात कोण धरणार?" तो म्हणाला. "पण दाऑन, दर शुक्रवारी तोकबोकी तुझ्याकडून."

तिखट लाल रश्शातल्या तांदळाच्या वड्यांवर सौदा ठरला.

पण भौतिकशास्त्राच्या तासाला तो झोपेना. मार्कांशी घेणंदेणं नाही म्हटल्यावर त्याला भलतेच प्रश्न सुचायला लागले. झोका खाली येताना पोटात गोळा का येतो? म्योंग सर खडू ठेवून त्याच्याशी बोलत बसायचे आणि मी घड्याळ बघत चरफडायची. एकदा न राहवून विचारलं, "सर, हे परीक्षेत आहे का?" सरांनी पुन्हा खडू उचलला.

सत्रपरीक्षेत शेवटच्या प्रश्नाने मला रडवलं. तरी पहिली श्रेणी मलाच मिळाली. गिताक तेरावा. उत्तरांच्या कार्डावर त्याने सरसकट तीन नंबरचे गोळे काळे केले होते.

त्या शुक्रवारी टपरीवर तोकबोकीचा लाल रस सांडला, तेव्हा त्याने पुसायला दप्तरातून एक कागद काढला. प्रश्नपत्रिका होती. मी ती ओढून घेतली. समास बारीक अक्षरांनी गच्च भरलेले, शेवटचा प्रश्नही सोडवलेला, तोही दोन पद्धतींनी.

"हे कार्डावर का नाही भरलंस?"

"शेवटचा यायचं ठरलं होतं ना आपलं." त्याने काडीने एक तुकडा उचलला. "दुसरी पद्धत बघ. तिच्यात खरी मजा आहे."

मी बघितली. ओ की ठो कळलं नाही. लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्याचा हेवा वाटला. सत्रभरात मजा आली असा एकही तास मला आठवेना.

पहिल्या श्रेणीवाली मी, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

"पहिल्यापासून सांग," म्हटलं.